उकंडरावाची नवी झडती

थोरल्या भावानंतरची, उकंडरावाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा आजीनं त्याला घटकाभर उकंड्यावर ठेवलं. उकंडा म्हणजे उकिरडा. देवाला वाटावं, हा टाकाऊ माल आहे, याला कशाला न्यायचं? देव फसला. उकंडराव पंच्याहत्तरी ओलांडून वाशिमकडच्या किन्हीराजाच्या पलीकडच्या आपल्या गावात अजून ताठ चालतो, दात स्वतःचे आहेत आणि जीभ तर फारच स्वतःची आहे.

या जिभेचा गावाला वर्षातून एकदा अधिकृत उपयोग असे. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावातल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात, आणि मानाच्या जोडीनं तोरण तोडून पोळा फुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींत कुणाची तरी खोड काढायची आणि शेवटी साऱ्या गावानं ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून त्यावर शिक्का मारायचा. ज्याची खोड निघाली त्यानं रागवायचं नसतं. झडती तोंडानंच म्हणायची. कागद बाहेर काढणाऱ्याला गाव ‘तलाठी’ म्हणून हिणवतं. उकंडराव ऐन तारुण्यापासून झडत्या म्हणत आला होता आणि त्याच त्या म्हणत आला होता. पोरं पुढची ओळ त्याच्या आधीच पुटपुटायची.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. मानाची जोडी रामराव पाटलाची. रामराव हा उकंडरावाचा लंगोटीयार, गावाचा जुना पोलीस पाटील. त्याच्या आईवर उकंडरावाची एक झडती होती, आणि ती एकच झडती अशी होती की जिच्यात खोड नव्हती, नुसती स्तुती होती. दुष्काळात त्या माउलीनं आपली विहीर साऱ्या गावाला मोकळी केली होती, त्याबद्दलची. ती संपली की रामरावानं डोळे पुसायचे आणि तोरण तोडायचं, असा रिवाजच पडला होता. उकंडरावानं खणखणीत आवाजात पहिली ओळ टाकली:

रामरावची माय मोठी, दुष्काळात पाजे पाणी,

आणि दुसरी ओळ आली ती भलत्याच झडतीतली, त्याच्या स्वतःच्या भुऱ्या म्हशीवरची:

धार काढाले बसला तं शेपटीनं हाणी.

गावानं सवयीनं ‘हर बोला’ म्हटलं, आणि मग आखरावर जे हसू फुटलं त्यानं बैल बिथरले. रामरावानं हसल्या न हसल्यासारखं केलं, तोरण एका झटक्यात ओरबाडलं आणि उकंडरावाजवळून जाताना सांगितलं, ‘‘पुढच्या पोळ्याले तोरणापाशी दिसू नोको.’’ त्या दिवसापासून त्यानं ओट्यावरची आपली खाट फिरवून घेतली. उकंडराव रस्त्यानं निघाला की त्याला रामरावाची पाठ दिसे.

गावात दोन तट पडले. काही म्हणाले, मुद्दाम केलं. काही म्हणाले, बुढा चळला. उकंडरावाला पहिला आरोप चालला असता. दुसऱ्यानं त्याची झोप उडाली, कारण त्याचा थोरला भाऊ असाच ओळी चुकवत चुकवत शेवटी घराचं दार चुकवायला लागला होता.

घरात सून होती ज्योत्स्ना. बी.एस्सी. झालेली. त्या पदवीचा उपयोग लग्नपत्रिकेपलीकडे कुठं झाला नव्हता, तो आता सासऱ्यावर झाला. ती त्याला वाशिमच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. सोबत चतुराबाई, उकंडरावाची बायको. ती नवऱ्याच्या आजारासाठी नाही, तर डॉक्टर काय बोलतो त्यावर नजर ठेवायला गेली. डॉक्टरनं रक्त पाहिलं, दाब पाहिला, तारीख-वार विचारले, घड्याळ काढायला लावलं. शेवटी म्हणाला, काही आजार नाही, वयाप्रमाणे चाललंय. दाबाची गोळी चुकवू नका, रोज चाला, माणसांत बसा, झोप नीट घ्या, आणि उजव्या कानानं कमी ऐकू येतंय तर मशीन लावा, कारण ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू माणसांतून उठतो. यानं डोकं शाबूत राहीलच असं नाही, पण राहायला मदत होऊ शकते. डॉक्टर असून खात्री देत नाही म्हणजे माणूस प्रामाणिक दिसतो, असं उकंडरावाला वाटलं. चतुराबाईला वाटलं, फी परत मागावी.

उठता उठता डॉक्टरनं सहज विचारलं, ‘‘आजोबा, गेल्या वर्षभरात नवीन काय शिकलात?’’

उकंडराव विचारात पडला. गाडी शेलूबाजारपर्यंत आली तरी विचारातच होता. शेवटची नवी गोष्ट आपण कधी शिकलो, हे त्याला आठवेना. आणि हे विसरल्यामुळे नव्हे, तर तसं काही घडलंच नव्हतं म्हणून आठवत नव्हतं. हे त्याला झोंबलं.

ज्योत्स्नानं दुसऱ्याच दिवशी कारभार हाती घेतला. सकाळी भिजवलेले अक्रोड, कारण ते मेंदूसारखे दिसतात. उकंडराव म्हणाला, मग गुडघ्यासाठी काय गुडघ्यासारखं खायचं? मग शंभरातून सात सात वजा करत खाली यायचं. त्यानं दोन पायऱ्या उतरून विचारलं, ‘‘पोरी, हे सात सात कोन नेऊन राह्यलं? त्याले आधी पकडा.’’ सुडोकूचं पुस्तक आलं. ते त्याला समजलं नाही असं नाही. लग्नाच्या पंगतीत दोन भांडलेल्या विहिणी एका ओळीत बसवायच्या नाहीत, तसंच ते. पण लग्नात निदान जेवण तरी असतं. मोबाइलवर चित्रांच्या जोड्या लावायचा खेळ आला, त्यात तो हरला की फोन कोरडी टाळी वाजवी. मग कुठूनसं कळलं की डाव्या हातानं कामं केली की मेंदू जागा होतो, आणि ज्योत्स्नानं सासऱ्याला डाव्या हातानं जेवायला बसवलं. हे चतुराबाईनं पाहिलं. ताटावर डावा हात! मेंदूचं माहीत नाही, पण त्या दिवशी अख्खी गल्ली जागी झाली, आणि ज्योत्स्नाचा कारभार तिथं संपला.

राहिलं फक्त कानाचं मशीन. ते लावल्यावर पहिलं वाक्य ऐकू आलं ते चतुराबाईचं, आणि ते त्याच्याविषयीच होतं. दुसरं शेजारच्या सेवालालचं, तेही त्याच्याविषयीच. उकंडराव थक्क झाला. इतकी वर्षं गाव एवढं बोलत होतं आणि आपण जुन्याच झडत्या दळत बसलो होतो. जुनी झडती तोंड आपलं आपण म्हणतं. डोकं तिकडे खुशाल झोपलेलं असतं. म्हणूनच तर ते म्हशीच्या गोठ्यात शिरलं. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं, पुढच्या पोळ्याला सगळ्या झडत्या नव्या. आणि रामराव काहीही म्हणो, म्हणायच्या तोरणापाशीच.

आता नवी झडती करायची तर माल पाहिजे, आणि माल घरी चालत येत नाही. उकंडराव सकाळ-संध्याकाळ गावभर फिरायला लागला. एस.टी. थांब्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत, गिरणीपासून आखरापर्यंत. ज्या घरापुढून जायचा त्याच घरावर ओळ जुळवायचा, म्हणजे पुढच्या फेरीला ते घर दिसलं की ओळ दारातच उभी असे. गिरणीवर बायकांत बसून त्यानं इतकं ऐकलं की दळण कुणाचं आहे हेही विसरला, पण हे विसरणं त्याला चालत होतं. ड्रोननं फवारणी कशी करतात ते शिकला, मोबाइलवर रील कशी काढतात ते शिकला. दोन्ही खोड काढण्यापुरतं.

गाव लवकरच सावध झालं. उकंडराव येताना दिसला की दारातलं भांडण आत जायचं. ज्याच्या घरी काही लपवण्यासारखं होतं तिथून आपोआप चहा यायचा, आणि ज्या घरून चहा आला तिथं काहीतरी आहे हे उकंडरावाला कळायचं. दौलतसिंगानं तर त्याला थेट बसवून घेऊन विचारलं, माझ्यावर काय केलंय? उकंडराव म्हणाला, अजून काही नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणजे करावं लागेल.

झालेली झडती रात्रीच्या जेवणाआधी चतुराबाईसमोर मांडली जाई. ती तुरीतले खडे वेचत ऐके आणि खड्यासोबत शब्दही काढून फेके. हा शब्द जड आहे. हे तुम्ही मागच्या महिन्यात म्हटलंय. हे खरं नाही, ती बाई अशी नाही. शाळेत ती जेमतेम गेलेली, पण सुनेपेक्षा आणि नवऱ्यापेक्षा जास्त भांडलेली, आणि भांडणात कोणता शब्द लागतो याचं तिचं ज्ञान पक्कं होतं. शिवाय ती रोज परीक्षा घेई. काल कोणती भाजी होती, परवा कोण आलं होतं, ज्योत्स्नाच्या माहेरचं गाव कोणतं. एक दिवस उकंडराव वैतागला. म्हणाला, मी काय चौथीत आहे काय? तोरणापाशी माझी फजिती होईल म्हणून तुला लाज वाटते, एवढंच ना?

चतुराबाईनं सूप खाली ठेवलं.

‘‘तुमच्या भावानं शेवटी वयनीले इचारलं, बाई, तू कोनाची? मी तठीच उभी होती. तोरणाचं मले काई पडलं नाई. अख्खं गाव हसलं तरी चालते. फक्त तुमी मले तसं इचारू नोका.’’

उकंडरावानं कालची भाजी सांगितली, परवा आलेल्यांची नावं सांगितली, आणि मग न विचारता तिच्या माहेरच्या आठही बहीण-भावंडांची नावं थोरल्यापासून सांगितली. तिनं एक नाव दुरुस्त केलं. ते मुद्दाम चुकवलं होतं असं तो म्हणाला. तिनं विश्वास ठेवला नाही.

सर्वांत अवघड निघाली रामरावाची झडती. रोजच्या फेरीत त्याचं घर येई, पाठ दिसे, आणि पाठीवर काय ओळ जुळणार? कधी ती फार गोड व्हायची, कधी माफीचा अर्ज व्हायची. चतुराबाईनं ती कितीदा तरी परत केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत असताना, ती एकदाची जमली. चतुराबाईनं ऐकली आणि काहीच काढून फेकलं नाही. उकंडराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

पोळ्याला आखर भरलं. बैल आता पूर्वीच्या निम्मेही नाहीत, पण पाहणारी माणसं दुप्पट, त्यामुळे गर्दीला काही कमी पडत नाही. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल. डफड्यांचा आवाज टिपेला. उकंडराव धुतलेलं धोतर नेसून आपल्या जुन्या जागी, तोरणाच्या उजव्या खांबाशी जाऊन उभा राहिला. समोर रामराव, हातात मानाच्या जोडीचा कासरा. त्यानं उकंडरावाकडे पाहिलं आणि मग वर तोरणाकडे पाहिलं. तोरण कधी तोडायचं ते त्याच्या हाती होतं. त्यानं आत्ता हात वर केला असता तर पोळा फुटला असता आणि उकंडराव तोंड उघडं ठेवून खांबाशी उभा राहिला असता. रामरावानं हात वर केला नाही. पण खालीही नीट ठेवला नाही.

उकंडरावानं डोळे मिटून मनातल्या मनात एस.टी. थांबा गाठला आणि तिथून चालायला सुरुवात केली. पहिलं घर शिवमचं, दारात कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग:

शिवम काढे बैलाचा फोटो दिसातून धा,
बैल म्हने मालक, आता कुटार टाकून पाहा.

हर बोला! पुढचं घर दौलतसिंगाचं:

दौलतसिंगाचं ट्रॅक्टर उभं, बैल आनले मागून,
पुरनपोळी कोन खाईन, इचारा त्याले जाऊन.

हर बोला! दौलतसिंग सर्वांत मोठ्यानं हसला, कारण झडतीत रागवायचं नसतं. घरामागून घर येत गेलं, गिरणी गेली, देऊळ गेलं. लोक पुढची ओळ ऐकायला एकमेकांना गप्प करत होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कुणाला पुढची ओळ माहीत नव्हती. उकंडरावाला घाम फुटला होता आणि फार आनंद झाला होता. मग रामरावाचं घर आलं. ओटा आला, खाट आली, पाठ आली. झडती आली नाही.

त्यानं डोळे उघडले. डफडी थांबली होती. समोर रामराव होता आणि पलीकडे बायकांच्या घोळक्यात चतुराबाई. तिला ती झडती येत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. जुनी झडती ओठांपाशी येऊन ढुशा देत होती, पण तिच्या मागे म्हैस उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. भीती वाटली. खरोखर वाटली. मग त्यानं तोंड उघडलं आणि जे होतं तेच म्हणायला लागला:

नवी झडती केली होती, केली होती पाठ,
येता येता तिनं धरली दुसरीच वाट.
डोकं झालं जुनं गाडं, चाक झालं ढिलं,
माय तुही देवी, रामराव, म्हशीनं वाटोळं केलं.

क्षणभर कुणाला कळेना, हसायचं की काय करायचं. मग बायकांच्या बाजूनं एकटा आवाज आला, ‘हर बोला’. बायका तिथून बोलत नसतात, पण चतुराबाई बोलली. मग सारं आखर बोललं. रामरावानं तोरण तोडलं, पोळा फुटला, आणि बैल घराघराच्या पूजेला धावले. उकंडरावाजवळून जाताना रामराव कासऱ्याला ओढ लागल्यासारखा थबकला. ‘‘दिवे लागाच्या आत घरी ये,’’ एवढंच म्हणाला.

उकंडराव गेला. मार खायची तयारी ठेवून गेला. रामरावाची खाट आता रस्त्याकडे तोंड करून होती आणि समोर पुरणपोळीचं ताट झाकून ठेवलेलं होतं. भिंतीवर आईचा फोटो. रामराव मिशी चोळायला लागला. पोलीस पाटील असताना चोर पकडल्यावर तो असंच करत असे.

‘‘उकंड्या, मले ते दुसरी ओळ सांग.’’

‘‘कोनती?’’

‘‘मायवरची. खरी. वरीसभर आठवून राह्यलो, येतच नाई. मायचं नाव घेतलं का तुही म्हैस शेपटी हाणते. तुले इचाराची लाज वाटे. मले वाटलं, माहंच डोकं गेलं.’’

म्हणजे वर्षभर ती पाठ रागानं वळलेली नव्हती. निदान सगळी रागानं नव्हती. उकंडरावाला त्याची कीव आली आणि स्वतःचाही राग आला, की आपण त्या पाठीवर ओळी जुळवत बसलो आणि खाटेला वळसा घालून समोर गेलो नाही. त्यानं घाईनं तोंड उघडलं. एवढी वर्षं म्हटलेली ओळ. ‘दुष्काळात पाजे पाणी’, आणि पुढे, पुढे... शेपूट. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शेपूट.

‘‘रामा, मलेबी येत नाई.’’

ज्या गोष्टीला दोघेही वेगवेगळ्या घरांत वर्षभर घाबरले होते ती आता दोघांच्या मध्ये ताटाशेजारी बसली होती. आधी रामरावाला हसू आलं. मग उकंडरावाला. दोघे म्हातारे इतके हसले की आतून रामरावाची सून काय झालं म्हणून पाहायला आली आणि काही न समजता परत गेली.

‘‘मंग नवी करू,’’ उकंडराव म्हणाला. ‘‘पन पहिली ओळ तू कर. माय तुही हाय.’’

रामरावानं जन्मात झडती केली नव्हती. तो खाटेवर सावरून बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘माही माय रखमाबाई, राहनार हेच गाव, वय वर्षं नव्वद, धंदा शेती.’’

‘‘हे झडती नाई, मयतीचा दाखला हाय,’’ उकंडराव म्हणाला. ‘‘ते सोड. तिनं तुले पहिल्यांदा मारलं ते काहून मारलं?’’

रामराव आठवत आठवत सांगायला लागला. विहिरीवर परगावच्या बायका पाण्याला आल्या होत्या, आणि ह्यानं लहानपणी पाटलाच्या ऐटीत एकीची घागर पायानं लोटली. आईनं आधी त्या बाईची घागर पुन्हा भरून दिली, मग ह्याला मोटेच्या ओल्या दोरानं असं झोडपलं, की ह्याचं रडणं ऐकून बैल मोट ओढायचे थांबले.

‘‘थांब,’’ उकंडराव म्हणाला, ‘‘पुढं नोको सांगू. इथंच ओळ हाय.’’